लैंगिक आरोग्यशिक्षण : बीड जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज

किशोरवयीन मुलामुलींना शरीरातील बदल, पाळी, गर्भधारणा, गुप्तरोग आणि परस्परसंमती यांविषयी वयाला साजेसे ज्ञान देणारे शिक्षण. कॅथलिकांच्या औरंगाबाद धर्मप्रांतात (स्थापना १९७७) बीड जिल्हा मोडतो. कॅथलिक परंपरेतील विवाहपूर्व शिबिरांत नैसर्गिक कुटुंबनियोजन, म्हणजे मासिक चक्रातील गर्भधारणाक्षम दिवस ओळखण्याची पद्धत, समजावली जाते. परंतु ते ज्ञान लग्न ठरल्यावरच मिळत असल्याने तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या ते कामी येत नाही. ही उणीव बीडमध्ये अधिक गंभीर ठरते, कारण आईवडील ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने गाव सोडतात आणि मुलीच्या काळजीपोटी तिचे लग्न १८ वर्षांच्या आतच उरकण्याकडे अनेक कुटुंबांचा कल असतो. शेजारच्या जामखेड येथे रजनीकांत व मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प हा या बाबतीत सर्वांत अनुकरणीय नमुना होय. तेथे फारसे शिक्षण नसलेल्या गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवण्यात आले आणि पुढे किशोरींच्या वर्गांत पाळीतील स्वच्छता, पोषण, बाळंतपण व बालविवाहाचे धोके हे विषय, धर्म वा जात न पाहता, मोकळेपणाने शिकवले जाऊ लागले.