ब्रेक पेडल बसणे

मोटारगाडीच्या ब्रेक पेडलवर पायाचा दाब कायम असतानाही पेडल एका जागी न थांबता हळूहळू खाली जात राहणे. हायड्रॉलिक ब्रेकमधील हा गंभीर दोष आहे. तो एकदम उद्भवत नाही. बहुधा ब्रेक पूर्ण निकामी होण्याच्या बऱ्याच आधीपासून तो पायाला जाणवत असतो.

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो आणि बंदिस्त ब्रेक ऑइलवर दाब येतो. पास्कलच्या नियमानुसार हा दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोचतो आणि ब्रेक पॅड डिस्कवर, तर ब्रेक शू ड्रमवर आवळले जातात. चारही चाकांना असे ब्रेक असलेली पहिली प्रवासी मोटार अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ साली आणली. आजच्या मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक दोन दट्टे असतात आणि प्रत्येकाकडे दोन चाकांचा स्वतंत्र मार्ग असतो. एक मार्ग फुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. मात्र पेडल बरेच खाली जाते आणि थांबायला अंतर जास्त लागते.

पेडल ‘खराब’ झाले ही तक्रार पुरेशी नाही, ते नेमके कसे वागते हे सांगणे महत्त्वाचे. दाबल्यावर ते स्पंजासारखे लागत असेल तर नळ्यांत हवा शिरलेली असते. ऑइल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. दगडासारखे घट्ट लागत असेल तर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर, त्याची व्हॅक्यूमची नळी किंवा तिच्यातील झडप तपासावी. पहिल्या दाबात खोल जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या दाबात वर येणारे पेडल बहुधा मागच्या ड्रममधील शू सैल असल्याचे किंवा हवा असल्याचे दाखवते. जोरात ब्रेक मारताना एबीएसमुळे पायाखाली होणारी थरथर मात्र दोष नव्हे.

पेडल खरोखर बसते की नाही, हे पाहण्यासाठी गाडी सपाटीवर उभी करून चाकांना ओट लावावी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबून सोडावे, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो. मग मध्यम दाब देऊन पाय तसाच ठेवावा. मिनिटभरात पेडल खाली सरकले तर दोष आहे. दाब मुद्दाम मध्यमच ठेवायचा. जोरात दाबल्यावर दट्ट्यावरील रबरी कपाची कड फाकून सिलिंडरच्या भिंतीला चिकटते व गळती झाकली जाते. म्हणून जोरात मारल्यावर ठीक वाटणारा ब्रेक सिग्नलवर हलका पाय ठेवून उभे असताना बसू लागतो. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केल्यावर पेडल किंचित खाली जाते. हे बूस्टर चालू असल्याचे लक्षण आहे, त्याची धास्ती घेऊ नये.

यानंतर ऑइलच्या डबीकडे पाहावे. पातळी उतरत असेल तर ऑइल बाहेर गळते आहे. नळ्यांचे जोड, रबरी होज, कॅलिपर आणि चाकांच्या आतल्या बाजू ओल्या आहेत का, ते पाहावे. मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर गळत असल्यास बॅकप्लेटच्या खालच्या कडेला ओल दिसते. ऑइलने भिजलेले लायनर पुसून पुन्हा वापरू नयेत, बदलावेत. बाहेर कुठेच ओल नसेल तर मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांचा जोड सोडून पाहावा, कारण मागच्या सीलमधून झिरपणारे ऑइल बूस्टरच्या पोटात साठते. आणि डबी भरलेली असूनही पेडल बसत असेल, तर संशय मास्टर सिलिंडरच्या आतील कपांवर घ्यावा. ऑइल बाहेर न जाता दट्ट्याच्या कडेने मागे परतत असते. खात्रीसाठी सिलिंडरच्या बाहेरच्या तोंडांना योग्य आट्यांचे बूच लावून पेडल दाबतात. तरीही ते बसले तर दोष सिलिंडरचाच. घट्ट राहिले तर पुढे शोधावे. क्वचित एबीएसच्या युनिटमधली झडपही गळते.

मास्टर सिलिंडरची आतील भिंत गंजलेली वा ओरखडलेली असल्यास फक्त रबरी किट टाकून काही महिने निभावते, पण दोष परत येतो. अशा वेळी सिलिंडरच नवा बसवावा. तो गाडीवर चढवण्यापूर्वी शिकंज्यात धरून त्यातली हवा काढून घ्यावी. मग चाकांच्या ब्लीडर निपलमधून हवा काढावी. क्रम त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. जुन्याच सिलिंडरवर हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबू नये, खाली लाकडी ठोकळा ठेवावा. एरवी कप ज्या भागात कधी जात नाहीत, तिथल्या गंजावर घासून ते फाटतात आणि चांगला सिलिंडरही बसू लागतो.

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. ताज्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंश आहे. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. आंबोली किंवा वरंधा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की जुने ऑइल चाकाजवळ उकळते, वाफ होते आणि पेडल एकदम तळाला जाते. म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा आणि बहुतेक गाड्यांत ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. डबीत इंजिन ऑइल चुकूनही घालू नये, त्याने सर्व रबरी सील फुगून निकामी होतात.

चालत्या गाडीत पेडल गेले तर ते भराभर दाबत राहावे, गिअर एकेक करून उतरवावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. केबलचा हँडब्रेक हायड्रॉलिक मार्गावर अवलंबून नसतो. त्यानंतर गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नये. दोर बांधून टोचन करूनही नेऊ नये, कारण ओढल्या जाणाऱ्या गाडीला स्वतःचे ब्रेक लागतातच. ती चढवूनच न्यावी.