टेस्टोस्टेरॉन उपचार : जाणकार डॉक्टर कसा निवडावा

थकवा, कामेच्छा मंदावणे, स्नायूंची शक्ती घटणे, उदासी अशा तक्रारी असलेल्या प्रत्येक पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनची कमतरता असतेच असे नाही. अपुरी झोप, मधुमेह, लठ्ठपणा, थायरॉइडचे विकार आणि नैराश्य यांतही हीच लक्षणे आढळतात. त्यामुळे बाहेरून संप्रेरक देण्याआधी निदान काटेकोरपणे करणारा डॉक्टर गाठणे महत्त्वाचे ठरते.

या विषयाचे अधिकृत शास्त्र म्हणजे एंडोक्रायनॉलॉजी. एमडीनंतर तीन वर्षांचा डीएम किंवा समकक्ष डीआरएनबी अभ्यासक्रम पूर्ण केलेले डॉक्टर अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ मानले जातात. एमसीएच झालेले अनेक मूत्ररोगतज्ज्ञही हा उपचार करतात. दिल्लीची एम्स, चंडीगडची पीजीआय, लखनौची संजय गांधी पदव्युत्तर संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि मुंबईचे केईएम येथे एंडोक्रायनॉलॉजीचे स्वतंत्र विभाग आहेत. केवळ ‘सेक्सॉलॉजिस्ट’ अशी पाटी पाहून आत शिरण्यापूर्वी त्यामागची पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहावा. हा क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवर लिहिणे डॉक्टरांना बंधनकारक असून त्याची खातरजमा राज्य वैद्यक परिषदेकडे करता येते. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मनाई आहे. रेल्वेमार्गालगतच्या भिंती मात्र अजूनही अशा जाहिरातींनी रंगलेल्या दिसतात.

डॉक्टरांची जाण पहिल्या भेटीतच बऱ्यापैकी कळते. टेस्टोस्टेरॉनची पातळी दिवसभर बदलत असल्याने रक्ततपासणी सकाळी, उपाशीपोटी आणि किमान दोन वेगवेगळ्या दिवशी व्हावी लागते. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन डेसिलिटरला ३०० नॅनोग्रॅमपेक्षा कमी पातळी हा निकष धरते. मात्र लक्षणे नसतील तर केवळ आकड्यावरून उपचार सुरू करत नाहीत. पातळी कमी आढळल्यास दोष वृषणांत आहे की पीयूष ग्रंथीत, हे ठरवण्यासाठी एलएच, एफएसएच आणि गरजेनुसार प्रोलॅक्टिन तपासतात. पीयूष ग्रंथीतील गाठ अशाच तपासणीतून उघडकीस येऊ शकते. एकाच अहवालावर इंजेक्शन लिहून देणारा डॉक्टर ही शक्यता दुर्लक्षित करतो.

अपत्याची इच्छा आहे का, हा प्रश्न डॉक्टरांनी स्वतःहून विचारायलाच हवा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की पीयूष ग्रंथीचे संकेत मंदावतात आणि शुक्राणूंची निर्मिती घटते, कधी पूर्ण थांबते. औषध बंद केल्यावर ती पूर्ववत होण्यास अनेक महिने लागू शकतात. ‘ताकदीचे औषध’ म्हणून सुरू केलेला उपचारच मूल न होण्याचे कारण ठरतो, हे नवविवाहित तरुणाला क्वचितच कोणी सांगते. अपत्य हवे असलेल्या रुग्णासाठी एचसीजीसारखे वेगळे उपाय विचारात घेतले जातात. व्यायामशाळेत मिळणाऱ्या इंजेक्शनांचा पूर्वेतिहासही डॉक्टरांपासून लपवू नये.

पौरुषग्रंथीचा किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्यांना हा उपचार सामान्यतः देत नाहीत. उपचार सुरू झाल्यावर रक्तातील हिमॅटोक्रिट आणि, वयानुसार, पीएसए ठरावीक काळाने तपासावे लागते. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेल्यास औषध थांबवतात. हृदयविकाराच्या भीतीबद्दल २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीने बरीच स्पष्टता आणली. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका अधिक असलेल्या ५,२००हून अधिक पुरुषांमध्ये हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचे प्रमाण औषधामुळे वाढलेले आढळले नाही. परंतु हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्या गटात अधिक होते.

लहान गावांतील रुग्णांना २०२०च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांमुळे शहरातील तज्ज्ञांचा सल्ला घरबसल्या घेता येतो. तथापि वृषणांचा आकार आणि पौरुषग्रंथी पडद्यावरून तपासता येत नाही. त्यामुळे किमान पहिली भेट प्रत्यक्ष घ्यावी. इंजेक्शन की जेल, हाही निर्णय त्याच भेटीत होतो. जेल निवडल्यास ते लावलेल्या त्वचेचा स्पर्श लहान मुलांना व स्त्रियांना होऊ नये, अशी सूचना डॉक्टरांनी देणे अपेक्षित असते.