नाताळचा परवाना

दिवाळीला लेक माहेरी येते, भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या दारी जातो. त्यासाठी एस. टी. चे तिकीट काढावे लागते, एवढेच. पण गेल्या शतकात एका मोठ्या शहरातल्या माणसांवर, सणाला आपल्याच आईला भेटायचे तर सरकारकडे अर्ज करण्याची पाळी आली. ते शहर म्हणजे जर्मनीतील बर्लिन.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले, तसे बर्लिनचेही झाले. पूर्वेकडची माणसे पश्चिमेकडे निघून जात होती. ती थोपवायची म्हणून १३ ऑगस्ट १९६१ रोजी पूर्व जर्मनीने पश्चिम बर्लिनची हद्द तारांनी बंद केली. पुढे तिथे भिंत उभी राहिली. दहाच दिवसांत पश्चिम बर्लिनच्या रहिवाशांनाही पूर्वेकडे जाणे बंद झाले. मुलगा इकडे, आई तिकडे. मधला रस्ता चार पावलांचा, पण ओलांडता येईना!

आता तुम्ही म्हणाल, परवाने द्यायला काय हरकत होती? खरी अडचण परवान्यावरच्या शिक्क्याची होती. पश्चिमेला पूर्व जर्मनीचे सरकार मान्य नव्हते. त्याच्या अधिकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनमध्ये बसून परवाने वाटले, तर ते सरकार आपण मान्य केल्यासारखे होईल, ही धास्ती. पूर्वेला तर नेमकी तीच मान्यता हवी होती. १९६१ च्या ऑगस्टमध्येच पूर्वेने पश्चिम बर्लिनच्या रेल्वे स्थानकांत परवान्याच्या कचेऱ्या उघडून पाहिल्या. पश्चिमेने त्या बंद करवल्या. या ओढाताणीत दोन नाताळ गेले.

तिसरा नाताळ जवळ आला. सरकारांना वाट पाहता येते. सण कुणासाठी थांबत नाही. त्या वेळी पश्चिम बर्लिनचे महापौर होते विली ब्रांट. त्यांच्या बाजूने होर्स्ट कोर्बर आणि पूर्वेकडून एरिश वेंट बोलणी करायला बसले. १७ डिसेंबर १९६३ ला करारावर सह्या झाल्या. त्यात एक गमतीचे कलम आहे : ठिकाणे, अधिकारी आणि कचेऱ्या यांच्या नावांबाबत उभय पक्षांचे एकमत झाले नाही! म्हणजे भांडण जागच्या जागी ठेवले आणि वाट तेवढी मोकळी केली.

परवाना १९ डिसेंबर ते ५ जानेवारीपर्यंतचा. तोही फक्त नातेवाइकांना भेटण्यासाठी, आणि मध्यरात्रीच्या आत परत यायचे. अर्ज घ्यायला पूर्वेकडचे टपाल कर्मचारी पश्चिमेकडच्या शाळांतून बसले. अर्ज पूर्वेकडे न्यायचे, मंजूर करून आणायचे, मग वाटायचे. कडाक्याच्या थंडीत लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. त्या अठरा दिवसांत सुमारे १२ लाख भेटी झाल्या.

पण भिंत भिंतच होती. त्याच नाताळाच्या दिवशी ती ओलांडून पश्चिमेकडे येऊ पाहणारा अठरा वर्षांचा एक तरुण गोळी लागून मरण पावला. परवाना एकाच बाजूच्या लोकांना होता.

१९६६ पर्यंत सणासुदीसाठी असे करार आणखी झाले. मग ते थांबले, आणि निकडीच्या घरगुती कारणाखेरीज परवाना मिळेना. चार महासत्तांच्या १९७१ च्या करारानंतर, १९७२ पासून जाणे-येणे पुन्हा नेमाने सुरू झाले. ९ नोव्हेंबर १९८९ ला तर भिंतीची दारेच उघडली.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात या भिंतीचा धडा घ्याल तेव्हा १९६१ आणि १९८९ या दोन सनांच्या मधली ती रांगही मुलांना दाखवा. भिंत पाडायला अठ्ठावीस वर्षे लागली. आईला भेटण्यापुरती फट मात्र अडीच वर्षांच्या आतच, एका सणाच्या निमित्ताने, पाडता आली होती. हटवादी सरकारांनाही ते जमले, कारण नावांचे भांडण त्यांनी तेवढ्यापुरते बाजूला ठेवले.