भाड्याबाहेरचे भाडे

रेल्वेचे प्रवासभाडे वेगळे आणि तिकीट विकत घेण्याचा खर्च वेगळा, ही कल्पना आपल्याकडे २००२ नंतर रुजली. त्यापूर्वी भाड्यावर वरकड पैसे घेणाऱ्यास आपण दलाल म्हणत असू. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४३ नुसार परवानगीशिवाय तिकिटे मिळवून देण्याचा धंदा करणे हा गुन्हा आहे. आज आपण सारेच तिकिटामागे थोडे वरकड पैसे निमूटपणे देतो. हा बदल कसा घडला, हे प्रशासनाच्या अभ्यासकाने पाहण्यासारखे आहे.

मूळ कल्पना त्याच अधिनियमात सापडते. कलम ४९ म्हणते की, प्रत्येक स्थानकावर ठळक जागी हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत गाड्यांचे वेळापत्रक व भाड्याची यादी लावलेली असावी. कलम ५० नुसार तिकिटावर भाड्याची रक्कम असलीच पाहिजे. खिडकीवर जाण्यापूर्वीच प्रवाशाला देय रक्कम ठाऊक असावी, हा यामागचा विचार. खिडकीमागच्या कारकुनाचा पगार, इमारत, वीज, कागद हा सारा खर्च त्या भाड्यातच धरलेला होता.

भाडे हा सार्वजनिक विषय असल्यामुळे ते वाढवणे राजकीयदृष्ट्या किती अवघड होते, हे वाचकांना आठवत असेल. मार्च २०१२ मध्ये रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांनी अर्थसंकल्पात शयनयानाचे भाडे किलोमीटरमागे ५ पैशांनी वाढवण्याचा प्रस्ताव मांडला. ४०० किलोमीटरच्या प्रवासाला ही वाढ २० रुपये भरते. चार-पाच दिवसांत त्रिवेदींना पद सोडावे लागले आणि त्यांच्यानंतर आलेल्या मुकुल रॉय यांनी खालच्या वर्गांची वाढ मागे घेतली.

आता दुसरी बाजू पाहू. इंडियन रेल्वे केटरिंग अँड टुरिझम कॉर्पोरेशन, म्हणजे आयआरसीटीसी, हे महामंडळ १९९९ मध्ये स्थापन झाले. संगणकीय आरक्षणाचे मोठे काम तोवर झालेले होते. ‘क्रिस’ या रेल्वेच्याच संस्थेने विकसित केलेल्या प्रणालीने दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे १९९९ पर्यंत एकमेकांशी जोडली होती. त्या पायावर ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवरून तिकीटविक्री सुरू झाली. प्रारंभी छापील तिकीट कुरियरने घरी येत असे. त्यासाठी वेगळे शुल्क घेणे रास्तच होते. घरपोच सेवा ही खरोखरच अधिकची सेवा होती आणि ती नको असणाऱ्यास खिडकी मोकळी होती.

२००५ मध्ये ई-तिकीट आले. कुरियर गेला, कागदही प्रवाशाच्याच घरचा झाला. सेवाशुल्क मात्र राहिले. २०१६ पर्यंत ते शयनयानासारख्या बिगर-वातानुकूलित तिकिटास २० रुपये आणि वातानुकूलित तिकिटास ४० रुपये झाले होते. ते एका तिकिटावर असते, दर प्रवाशामागे नसते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही एकट्याने जाणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने ज्या २० रुपयांसाठी एका मंत्र्याला जावे लागले, तेवढेच २० रुपये या वाटेने गाजावाजा न होता वसूल होऊ लागले. भाड्याची चर्चा संसदेत होत असे. शुल्काचा निर्णय परिपत्रकाने होई.

नोटाबंदीनंतर, २३ नोव्हेंबर २०१६ पासून, डिजिटल व्यवहारांस उत्तेजन म्हणून हे शुल्क माफ झाले. माफी मुळात त्या वर्षअखेरपर्यंतची होती. मुदतवाढ मिळत ती ऑगस्ट २०१९ पर्यंत चालली. ही सवलत तात्पुरती होती, असे अर्थ मंत्रालयाचे म्हणणे पडले आणि १ सप्टेंबर २०१९ पासून शुल्क ‘सुविधा शुल्क’ या नावाने परतले: बिगर-वातानुकूलित तिकिटास १५ व वातानुकूलित तिकिटास ३० रुपये, यूपीआयने पैसे भरल्यास १० व २० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५ चे १७ रुपये ७० पैसे होतात. गंमत अशी की, शयनयानाच्या भाड्यावर जीएसटी नाही. पण ते भाडे भरण्याच्या सोयीवर आहे.

पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०१९ मध्ये, महामंडळाचे शेअर बाजारात आले. सुविधा शुल्क आता भागधारकांच्याही हिशेबाची बाब झाले. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी रेल्वे मंत्रालयाने या शुल्काच्या उत्पन्नातील निम्मा वाटा मागितल्याचे जाहीर होताच दुसऱ्या दिवशी शेअर कोसळला आणि त्याच दिवशी मंत्रालयाने निर्णय मागे घेतला. २०१२ मध्ये प्रवाशांच्या नावाने भाडेवाढ मागे घेतली गेली होती. २०२१ मध्ये शुल्काची वाटणी बाजाराच्या धाकाने मागे घेतली गेली, आणि त्या दोन दिवसांच्या चर्चेत ते शुल्क देणारा प्रवासी फारसा कोठेच नव्हता.

महामंडळाची बाजूही विचारात घेतली पाहिजे. सर्व्हर, सुरक्षा, मनुष्यबळ यांवर खर्च होतो. तत्काळच्या वेळी येणारा भार पेलणे सोपे नाही. पण आरक्षित तिकिटांपैकी ८० टक्क्यांहून अधिक आता ऑनलाइन निघतात. एवढ्यांनी निवडलेली वाट ही जादा सोय नव्हे. तीच मुख्य खिडकी होय. रेल्वेचा खिडकीवरील खर्च वाचवणाऱ्याने अधिक द्यावे आणि खिडकीवर येणाऱ्याने कमी, हा हिशेब उलटा आहे. शिवाय तिकीट रद्द झाल्यास, मग गाडी रेल्वेनेच रद्द केलेली का असेना, हे शुल्क परत मिळत नाही.

अधिकृत एजंट म्हणून तिकिटे विकणारी खासगी संकेतस्थळे आणि ॲप आपले शुल्क आणखी वर चढवतात. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. आधी कमी किंमत दाखवून शेवटच्या पानावर थेंबाथेंबाने ती वाढवण्याचा प्रकार, ‘ड्रिप प्रायसिंग’, त्यांत नावानिशी निषिद्ध ठरवला आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न अधिक जवळचा आहे. गणपती-दिवाळीला गावी जायचे, तर झेलम किंवा गोवा एक्सप्रेसचे तिकीट ६० दिवस आधी काढायला बसावे लागते. जाण्याचे एक, येण्याचे एक, म्हाताऱ्या आईवडिलांचे तिसरे. रक्कम दर वेळी एवढी लहान असते की कोणी तक्रार करीत नाही.

मला शुल्काच्या आकड्यापेक्षा त्याचे स्थान खटकते. ते भाड्यात मिळवावे, म्हणजे भाड्याची चर्चा होईल तेव्हा त्याचीही होईल. ते जमत नसेल, तर निदान कलम ४९ चा हेतू पडद्यावर पाळावा: गाडी शोधताना पहिल्याच पानावर करासह पूर्ण रक्कम दाखवावी. स्थानकाच्या भिंतीवर भाड्याची यादी लावण्यास कायद्याने भाग पाडलेल्या खात्याला हे अवघड नाही. तोवर वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. पैसे यूपीआयने भरावेत, आणि एकत्र जाणाऱ्यांचे तिकीट एकच काढावे.