लेखणीचे चुकारे

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात दोनदा भरले, १९७३ मध्ये आणि २०१९ मध्ये. पहिल्या वेळी अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते, दुसऱ्या वेळी अरुणा ढेरे. या दोन अध्यक्षांमध्ये एक साम्य आहे आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. एका तारखेला हाती येणाऱ्या पगाराचा आधार न घेता, केवळ लिहून जगण्याचा मार्ग दोघांनीही पत्करला होता. २०१९ चे संमेलन नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्यामुळे गाजले. त्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, तो येथे विषय नाही. त्या संमेलनाचे उद्घाटन याच जिल्ह्यातल्या, पतीच्या आत्महत्येनंतर संसार सावरणाऱ्या एका शेतकरी स्त्रीच्या हस्ते झाले होते, एवढे मात्र लक्षात ठेवावे. उत्पन्नाची शाश्वती नसताना पुढचे वर्ष कसे काढायचे, हा प्रश्न त्या मंडपात दोन्ही बाजूंना उपस्थित होता, व्यासपीठावर आणि समोरही.

वऱ्हाडात या प्रश्नाला एक शब्द आहे: चुकारा. पुण्यामुंबईच्या वाचकाला तो कदाचित समजावून सांगावा लागेल. विकलेल्या कापसाची शेतकऱ्याच्या हाती पडावयाची रक्कम म्हणजे चुकारा. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि चुकारे हप्त्याहप्त्याने मिळू लागले. माल देऊन झालेला, पैसा यायचा राहिलेला, आणि पुढल्या पेरणीची तजवीज मात्र आजच करायची, अशी ही अवस्था. मुक्त लेखकाची अवस्था याहून वेगळी नसते. आपण त्याला ‘मुक्त’ म्हणतो, हा भाषेने केलेला एक विनोदच म्हणावा लागेल.

विषय निघण्याचे कारण आमच्या वर्गातले आहे. दारव्हा मार्गावरचे लोहारा आता यवतमाळ शहराला जवळजवळ मिळाले आहे. औद्योगिक वसाहतीमुळे ते नाव बाहेर ठाऊक असते. तिथून आणि आसपासच्या गावांतून मराठी विषय घेऊन एम. ए. होणारी मुले पुढे काय करतात? काही तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे जितके तास तितके मानधन, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. काही भाषांतर, मुद्रितशोधन, मालिकांचे संवाद, मोबाइलवरच्या ॲपसाठी मजकूर अशी कामे घेतात. आलेले काम नाकारले तर पुन्हा येणार नाही या भीतीने सारेच स्वीकारतात, रात्री जागतात, आणि तिशीच्या आत थकतात. त्यांना धीर देताना आम्ही सहसा वाङ्मयेतिहासाकडे बोट दाखवतो. पण तो इतिहास आम्ही नीट सांगत नाही. त्यागाच्या कथा सांगतो आणि हिशेब गाळतो.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचेच पाहा. १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा ते सरकारी शिक्षक होते. तिचे ८४ अंक त्यांनी जवळजवळ एकहाती लिहिले. १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पायातली शृंखला तुटल्याची ती हकिगत प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. त्यानंतरच्या सव्वादोन वर्षांत न्यू इंग्लिश स्कूल, ‘केसरी’ आणि ‘मराठा’, आर्यभूषण छापखाना, किताबखाना इतके उद्योग त्यांनी अंगावर घेतले. १७ मार्च १८८२ रोजी ते वारले तेव्हा बत्तीस वर्षेही पुरी झाली नव्हती. अतिश्रमाने ते गेले, असे म्हणण्याचे कारण नाही, कारण त्या काळी साधा तापही पुरेसा होता. मात्र नोकरी सुटली की काम कमी होते हा समज त्यांच्या चरित्राने तरी खोटा ठरतो. वरिष्ठाने घातलेली मर्यादा गेली की माणूस स्वतःला मर्यादा घालतोच असे नाही.

हरि नारायण आपट्यांनी वेगळी वाट काढली. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि पंचवीसहून अधिक वर्षे चालवले. अंकाच्या तगाद्याखाली लिहिलेल्या त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, आणि समीक्षकांनी त्यांच्या पाल्हाळाला नावेही ठेवली. परंतु त्यांच्या चुलत्यांनी उभारलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. दिवसाचा ठरावीक भाग त्या संस्थेचा, उरलेला ‘करमणुकी’चा. आमच्या मते मराठी कादंबरीवर आनंदाश्रमाचे जे ऋण आहे ते अद्याप कोणी नीट मोजलेले नाही.

या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलके प्रकरण श्रीधर व्यंकटेश केतकरांचे, आणि ते आपल्या मुलखाशी जोडलेले आहे. जन्म १८८४ चा, रायपूरचा. शिक्षणाची सुरुवातीची वर्षे अमरावतीत गेली. १९११ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पीएच. डी. मिळवून परतलेल्या या माणसाने मराठीत ज्ञानकोश करायचे ठरवले. कोणी संस्थानिक किंवा सरकार पाठीशी नसताना हे कसे साधावे? त्यांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ नावाची मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, ग्रंथ तयार होण्याआधी वर्गणीदार गोळा केले, पुढे कचेरी पुण्यास नेली. १९२० च्या दशकात तेवीस खंड बाहेर पडले. लेखकाने आपल्या कामाला प्रथमच उघडपणे धंदा म्हटले आणि तो धंद्यासारखा चालवला, हे केतकरांचे मोठेपण वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच नोंदले जाते. १९२७ मध्ये त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ हे पुस्तक लिहिले. ज्ञानकोश मंडळाचा तो इतिहास आहे. एवढा मोठा उद्योग कसा उभा राहिला, कोठे अडला, हे लेखकानेच लिहून ठेवावे, असे मराठीत दुसरे उदाहरण सहज आठवत नाही.

मग चुकले कोठे? आमचा समज असा की, केतकरांना काम संपविता आले, थांबता आले नाही. ज्ञानकोश पुरा होत असतानाच ते कादंबऱ्यांकडे वळले होते. ‘गोंडवनातील प्रियंवदा’ १९२६ ची, ‘ब्राह्मणकन्या’ १९३० ची. शिवाय गुजराती ज्ञानकोशाचा घाट घातला होता. १९३१ मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. मान होता, पण एकदा विकून झालेले खंड पुन्हा उत्पन्न देईनात. पुढली वर्षे विवंचनेत गेली आणि १९३७ मध्ये त्रेपन्नाव्या वर्षी ते वारले. पोटापाण्याची चिंता केतकर किती करीत, हे त्यांच्या लेखनावरून फारसे कळत नाही. ते कळते त्यांच्या पत्नी शीलवतीबाईंच्या ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ या आत्मकथनातून. जन्माने जर्मन ज्यू असलेली ही बाई १९२० मध्ये लग्न करून या देशात आली आणि एका ज्ञानकोशाचा संसार तिने चालवला. चिंता नाहीशी होत नसते, ती घरातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी जाते. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या आपल्या बहुतेक ‘निश्चिंत’ लेखकांची निश्चिंती अशी घरातल्या स्त्रियांनी पोसलेली आहे. वाङ्मयेतिहासात या श्रमाला स्वतंत्र प्रकरण मिळायला हवे.

येथे अण्णा भाऊ साठ्यांचे नाव न घेता पुढे जाता येत नाही. तीसहून अधिक कादंबऱ्या, १९५९ ची ‘फकिरा’, तिला शासनाचा पुरस्कार, आणि १९६९ मध्ये गोरेगावात विपन्नावस्थेत मृत्यू, वय अठ्ठेचाळीस. ज्याच्या पाठीशी आनंदाश्रम नाही, भाग विकत घेणारे ओळखीचे वकील-डॉक्टर नाहीत, त्याला वेळेचे नियोजन शिकवणे ही क्रूर चेष्टा आहे. थकवा टाळण्याचे सल्ले बहुधा घरची जमीन किंवा वडिलांचे निवृत्तिवेतन गृहीत धरून दिलेले असतात.

तरीही काही जण टिकले, ते कसे? माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले. दर आठवड्याला एक नवे गीत, अशी बावन्न गीतांची योजना होती. त्या वर्षी अधिक मास आला, म्हणून ती छप्पन्न झाली. त्याच काळात चित्रपटांची कामे चालूच होती. साप्ताहिक तगादा हा आपट्यांनाही होता. फरक असा की, गीतरामायणाला आरंभ होता तसा शेवटही ठरलेला होता, आणि सुधीर फडके, सीताकांत लाड असे सहकारी रोजच्या हाकेच्या अंतरावर होते. एकट्याने उपसलेले कष्ट आणि चौघांत वाटलेले कष्ट यांची मोजणी एका मापाने करता येत नाही.

रा. चिं. ढेरे यांची रीत याहून निराळी. लहानपणीच पोरके झालेला मावळातला हा मुलगा पुण्यात आला, छापखान्यात राबला, रात्रशाळेत शिकला. पुढे आकाशवाणीसाठी आणि प्रकाशकांसाठी पोटापुरते लिहीत असतानाच त्यांनी एक काम कधी विकावयास काढले नाही, ते म्हणजे दैवतांचा आणि संप्रदायांचा शोध. ‘दत्त संप्रदायाचा इतिहास’ १९५८ चा, ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ चा. मधली सव्वीस वर्षे चुकाऱ्याची कामे येत-जात राहिली आणि हा धागा तुटला नाही. मागणीबरहुकूम केलेल्या कामाने माणूस थकतो खरा, पण ज्याच्याजवळ तेवढेच असते तो अधिक थकतो, असे ढेऱ्यांची ग्रंथसूची वाचताना वाटत राहते. अरुणाताईंनी हे सारे घरात पाहिले होते. तरीही त्यांनी विद्यापीठातली नोकरी सोडून पूर्णवेळ लेखन पत्करले, यातला अर्थ नुसत्या धाडसाहून अधिक असावा.

आता आमच्यापुरता प्रश्न उरतो तो अभ्यासक्रमाचा. ‘उपयोजित मराठी’ या नावाखाली आपण जाहिरात, वृत्तलेखन, मुद्रितशोधनाच्या खुणा, अनुवादाची तत्त्वे शिकवतो. देयक कसे लिहावे, मुदत कशी मागावी, अर्धी रक्कम आगाऊ घेण्यात कमीपणा का नाही, कोणते काम नाकारावे, हे कोठेच नसते. त्या पत्रिकेत ‘माझे बारा वर्षांचे काम’ मधले एखादे प्रकरण आणि सोबत शीलवतीबाईंच्या आत्मकथनातली काही पाने नेमली, तर अभ्यासमंडळाला नवा ग्रंथ शोधावा लागणार नाही. पुढल्या बैठकीत आम्ही तसे सुचवणार आहोत.