टिळकांचा जमाखर्च (तळटीप)

‘टिळकांना पैशाची फिकीर नव्हती’ — मूळ लेखकाचे हे विधान यथार्थ असले, तरी त्यास पुरवणीची आवश्यकता आहे. १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेऊन पुढे अहमदनगर व राहुरी येथे अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने राहिलेल्या, व १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन सांभाळणाऱ्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, उद्याची चिंता न करण्याविषयीचा मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील उपदेश इतका अक्षरशः अंगीकारला होता, की हाती आलेला मुशाहिरा याचकाच्या गरजेपुढे घरखर्चाची तजवीज होण्यापूर्वीच संपुष्टात येई. १९१७ साली तर मिशनचा राजीनामा देऊन व ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ स्थापून त्यांनी नियमित वेतनाचा आधारही सोडला.

परंतु ज्या घरात कर्ता निश्चिंत असतो त्या घरात चिंता दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यास येते. येथे ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्यास आली. पतीचे औदार्य, त्यापायी रिकामे पडणारे डबे, आणि अशा ओढगस्तीतही घरी आणून वाढविलेली परकी पोरे, यांची हकीकत त्यांनी ‘स्मृतिचित्रां’त (पहिला भाग १९३४) तक्रारीचा सूर न लावता, पण पतीस सवलतही न देता सांगितली आहे. चरित्रकारांनी टिळकांच्या दानशूरतेचे केलेले गुणवर्णन पुष्कळदा एकांगी वाटते ते यामुळेच. स्वतः लक्ष्मीबाईंनी १९०० साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला; दारी आलेल्यास रिक्त हस्ते न पाठविण्यात त्या पतीच्या मागे नव्हत्या, हिशेब मात्र त्या ठेवीत.