गोरेपणाची आवड किती जुनी?

तुमच्या भाषेतले रविवारचे वर्तमानपत्र घ्या आणि विवाहविषयक जाहिरातींचे पान उघडा. वय, उंची, शिक्षण, पगार यांच्या जोडीला मुलीचा रंगही तिथे सांगितलेला आढळेल. मराठीत त्यासाठी गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी अशी पायरीपायरीची शब्दावली आहे. गव्हाला हिंदीत गेहुँआ आणि उर्दूत गंदुमी हे भाऊ आहेत. ‘काळी’ हा शब्द मात्र या पानावर सहसा छापला जात नाही.

ही आवड आली कुठून, असे वर्गात विचारले की दोन उत्तरे हमखास मिळतात. पहिले, ‘आपल्याकडे हे पूर्वीपासून असेच आहे.’ दुसरे, ‘इंग्रजांनी आपल्याला हे शिकवले.’ दोन्ही उत्तरे सोयीची आहेत, कारण दोन्हींमुळे पुढचा शोध थांबतो. आपण साधनांकडे वळू आणि ती काय सांगतात ते पाहू.

बृहदारण्यक उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात इच्छित अपत्यासाठी पती-पत्नीने काय शिजवून खावे याच्या सूचना आहेत. गोरा आणि एक वेद जाणणारा मुलगा हवा असेल तर दूधभात. पिंगट वर्णाचा, दोन वेद जाणणारा हवा असेल तर दहीभात. आणि सावळा, तांबूस डोळ्यांचा, तीन वेद जाणणारा हवा असेल तर पाण्यात शिजवलेला भात. सगळ्यांत तूप आहेच. विदुषी मुलगी हवी असेल तर तिळभात सांगितला आहे, आणि तिथे रंगाचा उल्लेखही नाही. या क्रमात सावळा मुलगा सर्वांत अधिक वेद जाणणारा आहे. म्हणून त्या काळी काळ्या रंगाला मान होता असा सरसकट निष्कर्ष काढू नका. इतकेच नोंदवा की रंग आणि प्रतिष्ठा यांची आज आपल्याला परिचित असलेली जोडी इथे दिसत नाही.

याच्या उलट दिशेचे साधनही आहे. पतंजलीच्या महाभाष्यात ब्राह्मणाच्या ओळखखुणा सांगताना गोरा वर्ण आणि पिंगट केस यांचा उल्लेख येतो. महाभारताच्या शांतिपर्वात तर भृगू ऋषी चार वर्णांचे चार रंगच सांगतात: पांढरा, तांबडा, पिवळा, काळा. पण लगेच भरद्वाज त्यांना अडवतात. रंगावरून वर्ण ठरवायचा म्हटले तर सगळ्याच वर्णांत सगळे रंग मिसळलेले दिसतात, असा त्यांचा आक्षेप आहे. म्हणजे हा वाद आपल्या काळाने निर्माण केलेला नाही. तो त्याच ग्रंथात आहे. आणि त्याच महाभारतातली, जिच्या रूपासाठी राजे स्वयंवराला जमले ती द्रौपदी, तिच्या वर्णावरूनच ‘कृष्णा’ म्हणवली जाते.

जुन्या साहित्यातले सौंदर्याचे शब्दही तपासण्यासारखे आहेत. ‘कांती’ म्हणजे झळाळी. ती कोणत्याही रंगाला असू शकते. ‘लावण्य’ हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आला, आणि हिंदीतला ‘सलोना’ही त्याच घरातला. रूपाला चव असावी, ही त्यामागची कल्पना. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत गौर आणि सावळ्या स्त्रिया एकाच दरबारात बसलेल्या दिसतात, आणि चित्रकाराने दोघींच्या दागिन्यांवर सारखेच कष्ट घेतले आहेत.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो दक्षिणेत, पांड्यांच्या राज्यात आला. तो लिहितो की इथे जो अधिक काळा त्याला अधिक मान. मुले जन्मतःच सावळी असतात, तरी ती आणखी काळी व्हावीत म्हणून त्यांना तिळाचे तेल चोळतात. आणि हे लोक देव काळे व सैतान पांढरे रंगवतात. प्रवासवर्णन वाचताना हात राखून विश्वास ठेवावा, ही आपली नेहमीची सवय इथेही सोडू नका. तिळाच्या तेलाने मालीश करण्याची कारणे दुसरीही असू शकतात. तरीही गोऱ्या रंगाची ओढ सर्वत्र आणि सर्वकाळ होती, या विधानाला ही नोंद अडचणीची ठरते.

एक गोष्ट मात्र जुन्या काळापासून चालत आलेली मानावी लागते. ज्याला उन्हात राबावे लागते त्याची कातडी रापते, आणि घरात, पडद्यात राहणाऱ्याची उजळ राहते. त्यामुळे रंग हा श्रमाचा, म्हणजेच दर्जाचा, दाखला बनत होता. मध्य आशिया आणि इराणकडून आलेल्या राज्यकर्त्या घराण्यांमुळे उत्तरेत या दाखल्याला आणखी वजन आले असणार. इंग्रज आले तेव्हा पाटी कोरी नव्हती.

मग इंग्रजी राजवटीत काय बदलले? माझ्या मते इथे महत्त्वाची गोष्ट मोजमाप ही आहे. ऋग्वेदात ‘अनास्’ असा एक शब्द शत्रूंसाठी आला आहे. चौदाव्या शतकातील भाष्यकार सायणाने तो अन्-आस् असा फोडला, म्हणजे तोंड (वाणी) नसलेले. एकोणिसाव्या शतकात माक्स म्युलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तो अ-नास् असा वाचला, म्हणजे नाक नसलेले, चपट्या नाकाचे. एका शब्दाची फोड बदलली आणि भाषेचा फरक वंशाचा झाला. या वाचनाचा आधार घेणाऱ्यांत हर्बर्ट रिस्ली हे सनदी अधिकारी होते. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर, हा नासिका निर्देशांक घेऊन त्यांनी बंगालमधल्या जाती-जमाती मोजवल्या, आणि नाक जितके रुंद तितका सामाजिक दर्जा खाली असा नियम मांडला. १९०१च्या जनगणनेचे आयुक्तही तेच होते. रिस्लींचा भर रंगापेक्षा नाकावर होता, हे खरे. पण चेहरा हा वंशाचा आणि वंश हा दर्जाचा पुरावा, ही समजूत आता सरकारी कागदावर विज्ञान म्हणून आली.

तिला उत्तरही इथूनच गेले. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली जात आणि वंश यांवरील आपल्या ग्रंथात रिस्लींचा नियम देशभर लागू पडत नाही हे दाखवले. १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात नाकाच्या मोजमापांचेच आकडे वापरून सांगितले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगवेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. विरोधकाचीच फूटपट्टी घेऊन त्याचा निष्कर्ष खोडणे कसे असते, ते पाहायचे तर तो भाग जरूर वाचा.

वाद ग्रंथांत चालू असताना बाजार वेगळ्या वाटेने निघाला होता. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि गौरवर्णी देवी व नायिका स्वस्त रंगीत चित्रांतून घराघरांच्या भिंतींवर आल्या. १९१९ साली मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी ‘अफगाण स्नो’ हे क्रीम आणले, नावातच बर्फ. १९७५ साली हिंदुस्तान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात उतरवले. आता गोरेपण जन्माने मिळण्याची गोष्ट उरली नाही, ते आठवड्यांच्या हिशेबाने विकत मिळू लागले. डब्याबरोबर रंगछटांची पट्टीही मिळे, म्हणजे मोजमाप आता स्वतःच स्वतःचे करायचे! एका जाहिरातीत मुलगा नसल्याची खंत करणाऱ्या बापाची मुलगी क्रीम लावून हवाई सुंदरी होते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने त्याविरुद्ध तक्रारी केल्या आणि २००३च्या सुमारास तशा जाहिराती थांबल्या. दोनच वर्षांनी, २००५ मध्ये, ‘फेअर अँड हँडसम’ पुरुषांसाठी आले.

या इतिहासाची किंमत कातडीने मोजली आहे. स्टेरॉइड असलेली मलमे वर्षानुवर्षे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत होती आणि गोरे होण्यासाठी तोंडाला लावली जात होती. सुरुवातीला चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, पुरळ आणि केस येतात, लाली चढते. मलम थांबवले की आग होते, म्हणून माणूस ते पुन्हा लावतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यानंतर २०१८ साली अशी चौदा औषधे ‘अनुसूची एच’मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या यादीत, घालण्यात आली. तुमच्या ओळखीत कोणी ‘कंपाउंडरने दिलेली क्रीम’ लावत असेल तर नळीवरचे बारीक अक्षर वाचायला सांगा.

२०२० साली ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आले, आणि एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने रंगानुसार स्थळ शोधण्याची सोय काढून टाकली. नळीतले रसायन आणि लग्नाची बोलणी यांत त्याने किती फरक पडला, हे तुम्हीच तपासू शकता.

त्यासाठी एक काम सुचवतो. जवळच्या जुन्या ग्रंथालयात तुमच्या भाषेतल्या एखाद्या वृत्तपत्राचे जुने अंक असतील. दर दहा वर्षांतला एकेक महिना निवडा आणि विवाहविषयक जाहिराती उतरवून घ्या: रंगाचा शब्द कोणता, तो कोणी वापरला, मुलीच्या बाजूने की मुलाच्या, जात आणि शिक्षण त्याच्या आधी येते की नंतर. मुलाचा रंग किती जाहिरातींत सांगितला आहे, याचा रकाना वेगळा ठेवा.